ऑटिझमचं निदान झाल्यावर घरात काय करायचं? डिचोलीच्या एका आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. डिचोलीजवळच्या गावातलं एकत्र कुटुंब, आईचं माहेर दोडामार्गला. मुलगा साडेतीन वर्षांचा. ए पासून झेडपर्यंत अक्षरं आणि मोबाइलवरची इंग्रजी बालगीतं घडाघडा म्हणतो, पण ‘आई’ म्हणून हाक मारत नाही. नावाने बोलावलं तर वळत नाही. पोदेराचा (दारोदार पाव विकणाऱ्याचा) भोंगा मात्र चार घरं पलीकडे वाजला तरी फाटकाकडे पळतो. बालरोगतज्ज्ञांनी ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर असं लिहून दिलंय. सासूबाई म्हणतात, याचा बापूयसुद्धा उशिरा बोलला. एका केंद्राने सांगितलं, घरात फक्त इंग्रजी बोला. दुसऱ्याने सहा महिन्यांत बोलता करून देण्याचं पॅकेज सांगितलं. चवथीला (गणेश चतुर्थीला) मूळ घरी आरती सुरू झाली आणि तो किंचाळत जमिनीवर लोळला, तेव्हा नातेवाइकांनी आईच्या वळणालाच नावं ठेवली. मोठी मुलगी आठ वर्षांची, ती विचारते, भाऊ वेडा आहे का? आणि आईचं विचारणं एकच: मी नक्की काय करू?

ताई, मी फोंड्यात वाचा-भाषा उपचाराचं काम करते, बरीच वर्षं करते. तुमच्या प्रश्नांचा क्रम थोडा बदलून उत्तर देते.

सगळ्यात आधी कान. भोंगा ऐकू येतो म्हणजे श्रवण पूर्ण ठीक आहे असं धरून चालू नका. काही पट्टीतले आवाज ऐकू येतात आणि बोलण्यातले बारीक आवाज निसटतात, असंही असू शकतं. बेरा तपासणी (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते बघणारी) झाली नसेल तर गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, कान-नाक-घसा विभागात विचारा. बहुतेक कान ठीकच निघतील, पण तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता निदानाबद्दल. ऑटिझम रक्ताच्या चाचणीत किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. वागणं पाहून आणि पालकांशी बोलून तो ठरतो. डॉक्टर दोन बाजू बघतात. एक, माणसांशी देवाणघेवाण: नजर, खुणा, बोट दाखवणं, आपल्याला आवडलेली गोष्ट दुसऱ्याला दाखवायला आणणं. दुसरी, तेच ते करण्याची ओढ, बदलाचा त्रास, आणि आवाज, स्पर्श, वास, उजेड यांच्याबद्दलची वेगळी संवेदना. उशिरा बोलणं हे एकटं लक्षण नव्हे. म्हणून सासूबाईंचं म्हणणं खोटं नसलं तरी अपुरं आहे. तुमचे यजमान उशिरा बोलले असतील, पण बोलत नसताना ते आकाशातलं विमान बोटाने दाखवून आईकडे वळून बघत होते का, हे त्यांना विचारा. तुम्ही लिहिलंय की मुलगा तुमचं मनगट धरून फ्रिजपाशी नेतो आणि तुमचा हात दाराला लावतो. म्हणजे त्याला काय हवं ते कळतंय, ते तुमच्याकडून मिळतं हेही कळतंय. डोळ्यांनी आणि बोटाने सांगायचा रस्ता अजून सापडलेला नाही. माझ्या दृष्टीने हे तुमच्या संपूर्ण पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य आहे, आणि तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय!

हे कशामुळे झालं? मुख्यतः जनुकीय रचनेमुळे, आणि ती एकाच जनुकाची गोष्ट नाही. एका मुलाला ऑटिझम असेल तर त्याच्या पाठच्या भावंडात तो आढळण्याचं प्रमाण साधारण पाचात एक आहे. पुढे कधी विचार केलात तर हे माहीत असावं. मोबाइलमुळे ऑटिझम होत नाही. मोबाइल माणसांबरोबरचा वेळ खातो, ती तक्रार वेगळी आणि रास्त. लसीमुळेही होत नाही. १९९८ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात ज्या लेखाने ही भीती उठवली तो लेख त्या साप्ताहिकानेच २०१० मध्ये मागे घेतला, आणि डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीशी संबंध दिसला नाही. राहिलेले डोस द्या. आणि आईचं वळण? मागच्या शतकात अमेरिकेतले मोठमोठे डॉक्टर ‘थंड’ आयांना दोष देत होते. तो सिद्धांत कधीच मोडीत निघाला; आपल्याकडच्या ओसरीवर तो अजून चालू आहे, इतकंच.

तुम्ही एकट्या आहात असंही समजू नका. देशातल्या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली, ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्या पाचांत उत्तर गोवा होता. मेंदूच्या वाढीशी निगडित एखादी तरी अडचण जवळपास आठात एका मुलाला आढळली. त्यात ऑटिझमबरोबर श्रवणदोष, फिट्स, बौद्धिक अक्षमता असं बरंच काही धरलेलं होतं.

‘घरात फक्त इंग्रजी बोला’ या सल्ल्यावर मी जरा रागाने लिहिणार आहे. गोव्यात हा सल्ला फार स्वस्त झालाय. तुमच्या घरात आजी-आजोबा कोंकणी बोलतात, तुम्ही मराठी, यजमान दोन्ही, आणि टीव्हीवर हिंदी. एवढ्या भाषांनी मूल गोंधळतं असं वाटणं साहजिक आहे, पण दोन भाषांत वाढणाऱ्या ऑटिझमच्या मुलांचं बोलणं एका भाषेत वाढणाऱ्यांपेक्षा मागे पडतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट इंग्रजीची सवय नसलेल्या आईला इंग्रजीत बोलायला लावलं की काय उरतं ते मी रोज ऐकते: ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’, ‘नो’. चार हुकूम. अंगाई गेली, चिडवणं गेलं, भातावर तूप वाढताना आपण जे उगाच बोलत असतो ते सगळं गेलं. आजी तर गप्पच झाली. ज्याला माणसांचं बोलणं जास्त मिळायला हवं, त्याच्याभोवतीचं बोलणंच आपण आटवलं. तुम्ही मराठीत बोला, सासूबाईंना कोंकणीत बोलू दे. एक पथ्य मात्र पाळा: रोजच्या ठरलेल्या कामात शब्द ठरलेले ठेवा. अंघोळीला तुम्ही ‘चल, अंघोळ’ म्हणत असाल तर रोज तेच. बालवाडीतल्या बाई कोणते दहा-बारा इंग्रजी शब्द वापरतात ते लिहून आणा, तेवढे पुरे आहेत.

आता घरातलं काम. तुम्ही मुलाशी कसं बोलता याचा दहा मिनिटांचा व्हिडिओ यजमानांकडून काढून घ्या आणि रात्री दोघांनी बघा. बहुतेक घरांत एकच दृश्य दिसतं. मूल कपड्यांचे चिमटे ओळीत लावतंय आणि आई विचारतेय: हे काय आहे? कलर कुठला? काऊ कसा ओरडतो? परीक्षाच चाललेली असते. त्याला उत्तर येत नाही किंवा द्यायचं नसतं, म्हणून तो पाठ फिरवतो. मग प्रश्न आणखी वाढतात. प्रश्न निम्मे करा. त्याच्या समोर, त्याच्या उंचीला, जमिनीवर बसा. तो चिमटा लावतोय तर तुम्हीही एक लावा आणि जे घडतंय ते दोन शब्दांत बोला: ‘लाल चिमटा’, ‘अजून एक’, ‘पडला!’ आणि मग गप्प बसा. मनात दहा अंक मोजा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं, विशेषतः शिक्षक असलेल्या पालकांना.

तुमच्याकडे तर पोदेर आहे. याहून चांगलं उपचाराचं साधन माझ्या खोलीत नाही. वेळ ठरलेली, आवाज ठरलेला, वस्तू आवडीची, आणि मूल आपणहून येतं. पोदेराला आधी सांगून ठेवा, दोन मिनिटं जास्त थांब म्हणून. मुलगा तुमचा हात ओढत फाटकाशी नेईल. पाव घ्या, पण लगेच त्याच्या हातात देऊ नका. पाव आपल्या तोंडाजवळ धरा, आणि थांबा. त्याने क्षणभर तुमच्याकडे पाहिलं, आवाज काढला, हात पुढे केला, काहीही केलं तरी ते सांगणंच आहे. लगेच ‘उंडो!’ (गोल पाव) म्हणत द्या. ‘उंडो म्हण, मगच देईन’ असं अडवून धरू नका. त्याने तो रडायला शिकतो, मागायला नाही. हे सहज जमायला लागलं की एका हातात उंडो, दुसऱ्यात पोयी (कोंड्याचा चपटा पाव) धरा आणि निवडू द्या. आणखी पुढे एखाद्या दिवशी पैसे घरात विसरल्याचं नाटक करा. तो तुमच्याकडे, मग पोदेराकडे, मग परत तुमच्याकडे बघेल. ज्या नजरेची आपण वाट पाहतोय ती हीच. असे प्रसंग दिवसभरात आणखी चार-पाच सापडतील: पंख्याचं बटण, झोपाळ्याचा झोका, अंघोळीचा शेवटचा तांब्या.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. पालकांना व्हिडिओ दाखवून मुलाच्या खुणा ओळखायला आणि त्यांना प्रतिसाद द्यायला शिकवायची पद्धत गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत तपासली गेली. गोव्याची बाजू संगत या संस्थेने सांभाळली. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुलं होती, आणि पालकांना शिकवणारे तज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते. निष्कर्ष २०१६ मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्रीत आले: पालकांचं बोलणं मुलाच्या कलाने होऊ लागलं आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. अभ्यास लहान होता आणि सगळंच सुधारलं असंही नाही. पण पणजीच्या महागड्या खोलीबाहेर, आपल्या गावच्या घरात, आपल्यासारख्या आई-बापांना हे जमतं, एवढं त्यातून दिसलं.

त्याची बालगीतं बंद करू नका. गाणं तुम्ही म्हणा आणि ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी थांबा. तो शब्द तो भरेल. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणं निरर्थक नसतं. एखादं मूल तहान लागली की ‘तुला पाणी हवं?’ असं म्हणतं, कारण पाणी मिळण्याआधी त्याने नेहमी तेच वाक्य ऐकलेलं असतं. म्हणून त्याला पाणी देताना त्याच्या बाजूने बोला: ‘मला पाणी.’ चित्रांची कार्डं वापरायला भिऊ नका, त्याने बोलणं मागे पडत नाही. आयआयटी मुंबईने तयार केलेलं जेलो नावाचं मोफत अॅप आहे, त्यात मराठीही आहे.

बोलेल का, याचं छातीठोक उत्तर कुणीही देऊ शकत नाही. पण ‘पाचव्या वर्षानंतर दार बंद’ हे ऐकलं असेल तर विसरा. चार वर्षांचं होईपर्यंत दोन-तीन शब्दही जोडत नव्हती अशा ५३५ मुलांचा अमेरिकेतला अभ्यास २०१३ मध्ये आला. त्यातली सुमारे ७० टक्के मुलं पुढे शब्द जोडून बोलू लागली, आणि जवळपास निम्मी सफाईने. उरलेल्यांनाही सांगण्याचा दुसरा मार्ग लागतो, म्हणूनच वर कार्डांचं लिहिलं. ऑटिझम मात्र जात नाही. मूल वाढतं, शिकतं, पुष्कळ बदलतं, आणि तरी जग अनुभवण्याची त्याची तऱ्हा त्याचीच राहते.

चवथीच्या प्रसंगाकडे येते. त्याच्या जागी उभं राहून बघा. सकाळपासून नवा, खळीचा टोचरा कुडता. अनोळखी घरात तीस माणसं, प्रत्येक जण गाल ओढतोय. धूप, उदबत्ती. मोबाइल काढून घेतलेला. आणि मग बंद खोलीत घुमट, शामेळ, कासाळें ही वाद्यं एकदम सुरू, बाहेर फटाके. तो आरतीत बिघडला असं दिसलं, पण भांडं सकाळपासून भरत आलं होतं. हा हट्ट नव्हे. हट्ट करणारं मूल मधूनच बघतं की आपल्याकडे लक्ष आहे ना, आणि हवं ते मिळालं की थांबतं. तुमचा मुलगा मोबाइल परत दिल्यावरही थांबला नाही, असं तुम्हीच लिहिलंय. अशा वेळी समजावणं, दटावणं, ‘सगळे बघतायत’ म्हणणं सगळं फुकट. माणसं कमी करा, आवाज कमी करा, डोकं आपटणार नाही एवढं बघा, आणि शेजारी गप्प बसा. मिठी आवडत असेल तर घट्ट धरा, नसेल तर हात लावू नका.

पुढच्या वर्षी आदल्या दिवशी, माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधत असताना, घर रिकामं असेपर्यंत त्याला घेऊन जा. फळं हाताळू दे, एक खोली त्याची म्हणून दाखवा, आणि गेल्या वर्षीचे फोटो आधी चार दिवस रोज बघा. जुना, धुवून मऊ झालेला शर्ट घाला, देवाला चालतो. आवाज अडवणारे हेडफोन मिळतात, त्यांची सवय घरी आधीच लावा. आरतीच्या वेळी त्याला मागच्या परसात कोण नेणार हे त्या क्षणी नाही, सकाळीच ठरवा; या कामाला काका फार चांगले. नातेवाइकांना व्याख्यान देत बसू नका. ‘त्याला मोठा आवाज सहन होत नाही, थोड्या वेळाने येईल’ एवढं एकच वाक्य, सगळ्यांना तेच. एरवी बरा असलेला मुलगा अचानक रोजच चिडायला लागला तर मात्र दात, कान आणि बद्धकोष्ठ आधी तपासून घ्या. दुखतंय हे त्याला सांगता येत नाही.

सहा महिन्यांच्या पॅकेजला नको म्हणा. मुदतीची हमी देणारा माणूस मला दुकानदार वाटतो. कुठल्याही केंद्रात चार गोष्टी विचारा. मी आत बसू शकते का? या महिन्यात नेमकं काय साधायचंय? घरी मी काय करू? तो रडला तर तुम्ही काय करता? पहिल्याला ‘नाही’ असं उत्तर आलं तर पुढचे तीन विचारूही नका. आठवड्याला एक-दोन सत्रं आणि रोज घरी अर्धा तास मन लावून, हे चार केंद्रांच्या फेऱ्यांपेक्षा मला जास्त पटतं. गाडीत झोपी गेलेलं मूल काही शिकत नाही. स्टेम सेलच्या वाटेला जाऊ नका, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीनेही २०२२ मध्ये ऑटिझमवर तो उपचार म्हणून वापरू नये असंच म्हटलंय. शरीरातून जड धातू काढण्याची औषधं धोक्याची आहेत. ऑटिझमवर गोळी नाही. तीव्र चिडचिड, स्वतःला इजा, झोप, फिट्स यांवर औषधं आहेत आणि ती डॉक्टरच ठरवतील. सासूबाईंना दिश्ट काढायची असेल, देवळात कौल लावायचा असेल, तर लावू दे. त्यावरून भांडण करू नका. फक्त कौल काहीही आला तरी बुधवारचं सत्र चुकवायचं नाही, एवढं यजमानांकडून कबूल करून घ्या. आणि सासूबाईंना एक काम नेमून द्या: पोदेराचं. बघा, महिन्याभरात त्या तुम्हालाच शिकवतील.

मोठीला खरं सांगा. ‘तो वेडा नाही. त्याला ऑटिझम आहे. त्याला आवाज फार मोठे वाटतात आणि बोलायला शिकायला वेळ लागतो. तुझ्यामुळे झालेलं नाही आणि तुला होणार नाही.’ शेवटची दोन वाक्यं मुलं विचारत नाहीत, पण त्यांना तीच हवी असतात. तिला छोटी आई बनवू नका. तिची वही त्याने फाडली तर तिला राग यायचा हक्क आहे. ‘तो लहान आहे, समजून घे’ हे वाक्य घरात मोजून वापरा. तिचा असा आठवड्यातून एक ठरलेला वेळ असू दे, भावाला सोडून.

उरलं कागदोपत्री. पुष्कळ आई-बाप ‘शिक्का नको’ म्हणून प्रमाणपत्र टाळतात. माझं मत उलट आहे. दिव्यांगजन हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत ऑटिझम येतो. ४० टक्के किंवा जास्त अक्षमता नोंदली गेली तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो, गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतल्या दरमहा मदतीसाठी अर्ज करता येतो, आणि पुढे बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक, जादा वेळ यांसारख्या सवलती मागताना हाच कागद लागतो. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना एक लाखापर्यंत आहे आणि तिच्यात थेरपीचा खर्चही बसतो. शाळा तुमच्या गावातली सरकारी मराठी प्राथमिक असली तरी मला चालेल, वर्गात मुलं कमी असतात आणि बाई घर ओळखतात. दाखल्याआधी त्याला रिकाम्या वर्गात दोन-तीनदा फिरवून आणा.

प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग सरकारी वैद्यकीय मंडळ बोलावतं. तिथे इसा नावाची ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात आणि बरेचसे प्रश्न तुम्हालाच विचारतात. त्यामुळे त्याच्या चांगल्या दिवसाचं वर्णन करू नका, रोजच्या दिवसाचं करा. लहान मुलाचं प्रमाणपत्र बहुधा मुदतीचं असतं, पुन्हा जावं लागेल. आधार, जन्मदाखला, फोटो, बेराचा रिपोर्ट आणि आजवरच्या सगळ्या चिठ्ठ्या एका फाइलीत लावा, शक्य असेल तर सकाळची पहिली वेळ मागून घ्या, आणि सोबत दोन उंडे न्या. अकरानंतर त्या बाकावर कुठलंच साडेतीन वर्षांचं मूल शांत बसत नाही.